बोल्ट उजवीकडेच का? डावखुऱ्यांच्या शिकारी रायफलीची पार्श्वभूमी

उजव्या बोल्टची (बोल्ट म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा, हँडलने सरकवायचा दांडा) रायफल डावखुऱ्याने खांद्याला लावली की अडचण पहिल्या गोळीला येत नाही, दुसऱ्या गोळीला येते. पहिली गोळी सुटल्यावर डावा हात ट्रिगरवरून निघतो, दस्त्याच्या गळ्यावरून आणि दुर्बिणीच्या मागून पलीकडे जातो, हँडल उचलतो, मागे ओढतो, पुढे ढकलतो, खाली दाबतो आणि मग जागेवर परत येतो. तोवर गाल दस्त्यावरून उठलेला असतो, रायफल कललेली असते आणि जनावर दुर्बिणीच्या वर्तुळातून बाहेर गेलेले असते. ही अडचण शंभर वर्षांहून अधिक काळ चालत राहिली. तिची मुळे कुठे आहेत हे कळले की आज रायफल निवडताना काय तपासायचे तेही कळते.

ही मुळे बोल्टच्याही आधीची आहेत. तोड्याच्या आणि नंतर चकमकीच्या बंदुकांत बार पेटवणारी कळ नळीच्या उजव्या अंगाला बसवलेली असे. बंदूक उजव्या खांद्याला लावली तर गाल दस्त्याच्या डाव्या बाजूला टेकतो, त्यामुळे रंजकाचा भडका नळीच्या पलीकडे उडतो. तीच बंदूक डाव्या खांद्याला घेतली की भडका चेहऱ्याच्या बाजूलाच. डाव्या कळीच्या बंदुका बनल्या, पण मोजक्या आणि कोणी खास मागणी केली तरच. सैन्यांत तर बहुतेक ठिकाणी डावखुऱ्यालाही उजव्या खांद्यावरूनच बार काढायला शिकवत.

प्रशियाने १८४१ मध्ये ड्रायसेची सुई-बंदूक स्वीकारली आणि दाराला अडसर सरकवावा तसा बोल्ट सैनिकाच्या हातात आला. हँडल अर्थातच उजवीकडे. ओबरनडॉर्फच्या माउझर बंधूंची १८७१ ची रायफल त्याच वळणाची होती. पाउल माउझरची १८९८ ची रायफल मात्र नीट पाहायला हवी, कारण पुढच्या बहुतेक शिकारी बोल्ट रायफली तिच्याच वंशातल्या आहेत.

माउझर ९८ च्या बोल्टला पुढे दोन लॉकिंग लग, म्हणजे बोल्ट जागेवर अडकवणारे दात, असतात आणि मागे तिसरा, सुरक्षेसाठी. बाजूला लांब, न फिरणारा नखासारखा एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी (काडतुसाचे रिकामे कवच) नळीतून ओढणारा आकडा, असतो. तो मॅगझिनमधून वर येणाऱ्या काडतुसाची कड तिथेच पकडतो. इजेक्टर हे रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या चौकटीच्या) डाव्या बाजूला बसवलेले पाते असते. बोल्ट पूर्ण मागे आला की डाव्या लगमधल्या फटीतून ते पुढे येते, पुंगळीच्या तळावर आपटते आणि पुंगळी उजवीकडे उडते. पुंगळीचा तळ फुटलाच तर गरम वायू बोल्टमधल्या भोकांवाटे डाव्या लगच्या खाचेत जावा आणि बोल्टच्या मागच्या टोपीच्या रुंद कडेने तो चेहऱ्यापासून अडवावा, अशी योजना आहे. सेफ्टीचा पंख डावीकडे असला की रायफल झाडायला तयार. उजवीकडे वळवला की बंद. म्हणजे उजव्या अंगठ्याने तो ढकलून द्यायचा.

यातली प्रत्येक गोष्ट उजव्या खांद्यावरच्या माणसाला धरून मांडलेली आहे. डावखुऱ्याचा गाल दस्त्याच्या उजव्या बाजूला टेकतो. पुंगळी बाहेर पडण्याची खिडकी त्याच बाजूला उघडी असते. पुंगळी तोंडावर येईल ही भीती अनेकांना वाटते, पण बोल्ट रायफलीत ती आपण हाताने ओढू तेव्हाच उडते, त्यामुळे हा त्रास किरकोळ आहे. खरा प्रश्न फुटलेल्या पुंगळीतून सुटणाऱ्या वायूचा. असे क्वचितच घडते, पण घडले तर डावखुऱ्याचा चेहरा उघड्या बाजूला असतो.

तरीही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डावखुऱ्या शिकाऱ्यांचे भागत होते, याचे कारण तेव्हा रायफलीवर बहुधा दुर्बीण नसे. नळीवरची लोखंडी माशी आणि मागची खाच ठेंगणी असतात; त्यांच्यावरून हात सहज पलीकडे जातो. शिवाय लिव्हर खाली-वर करून पुढची गोळी भरायची रायफल होती. विंचेस्टर १८९४ किंवा सॅव्हेज ९९ ची लिव्हर ट्रिगरच्या खाली असते, ती डाव्या हातालाही तितकीच जवळ. पुढे १९५२ मध्ये रेमिंग्टनची ७६० ही पंप रायफल (पुढची मूठ मागे-पुढे सरकवून भरायची) आली, तिलाही डाव्या-उजव्याचा फारसा फरक पडत नाही. कित्येक डावखुरे या रायफलींकडे वळले.

दुसऱ्या महायुद्धानंतर दोन गोष्टी बरोबरच घडल्या. सैन्यांतून निघालेल्या माउझर आणि स्प्रिंगफिल्ड १९०३ यांच्या शिकारी रायफली मोठ्या प्रमाणावर घडू लागल्या आणि त्यांच्यावर दुर्बिणी चढू लागल्या. माउझरचे सरळ हँडल आणि उभा राहणारा सेफ्टीचा पंख दोन्ही दुर्बिणीला अडत. म्हणून हँडल वाकवून घेत आणि सेफ्टी बदलत. उजव्या हाताची सोय झाली. डावखुऱ्याच्या वाटेत मात्र आता धातूची जाड नळी आडवी आली. डाव्या रायफलीची मागणी खरी वाढली ती इथे.

त्यावर कारागिरांचा पहिला इलाज म्हणजे जुन्याच रायफलीला डाव्या बाजूने हँडल जोडणे. हँडल डावीकडे आले तरी खिडकी, इजेक्टर आणि वायूची वाट उजव्या खांद्याच्या हिशेबानेच राहिली. जोडकामाच्या उष्णतेने बोल्टचे पाणी उतरण्याचा धोका वेगळाच. अशी जुनी रायफल आज कोणी दाखवली तर हेडस्पेस (बंद बोल्ट आणि नळीतले काडतूस यांच्यातली जागा) मोजणाऱ्या गेजने तपासून घेतल्याशिवाय तिच्यातून गोळी झाडू नये. ‘गो’ गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा, ‘नो-गो’ वर होता कामा नये.

खरी डावी रायफल म्हणजे आरशातले प्रतिबिंब, आणि कारखान्याला ते महागात पडते. उजवा बोल्ट मागून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने बंद होतो, डावा उलट. त्यामुळे स्प्रिंग ताणणारा उतार, पुंगळी सैल करणारा उतार, एक्स्ट्रॅक्टरची जागा, इजेक्टर, बोल्ट अडवणारी कळ, रिसीव्हरची खिडकी आणि दस्त्यातले कोरीवकाम, सारे उलटे करावे लागते. नळी मात्र उलटी करावी लागत नाही. संगणकाने चालणारी यंत्रे येण्यापूर्वी या प्रत्येक कापासाठी वेगळे साचे आणि पकडी लागत, आणि डावखुरे दहातले साधारण एक. हिशेब जुळत नसे.

तो जुळवला निकोलस ब्रुअर यांनी आखलेल्या सॅव्हेज ११० ने. ही रायफल १९५८ मध्ये आली आणि पाठोपाठ तिची डावी आवृत्तीही निघाली. मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली ही पहिली डावी बोल्ट रायफल मानतात. तिच्या रचनेतच सोय होती. नळी एका नटाने घट्ट होते आणि हेडस्पेस त्याच नटाने जुळवता येते; बोल्टचे डोके वेगळे, खिळीने बसवलेले; सेफ्टी दस्त्याच्या गळ्यावर मधोमध, कोणत्याही अंगठ्याखाली येणारी. या मधल्या सेफ्टीचे मोल डावखुऱ्यालाच कळते. त्याच १९५८ मध्ये वेदरबीची मार्क ५ आली. नऊ लग असल्याने तिचे हँडल ५४ अंशच उचलावे लागते, दोन लगच्या माउझरचे ९०. पुढे तीही डावी मिळू लागली, पण ती महागड्या वर्गातली. रेमिंग्टन ७०० ही १९६२ ची. तिची डावी रूपे १९७० च्या दशकात निघाली. संगणकी यंत्रांवर रिसीव्हर उलटा कापणे हा मुख्यतः आज्ञावलीचा प्रश्न उरला. २००३ मध्ये आलेली टिक्का टी३ डाव्या रूपात सहज मिळू लागली ती याच काळात.

अडचण उरली आहे ती प्लास्टिकच्या दस्त्याची. लाकडी दस्ता नक्कल करणाऱ्या यंत्रावर उलटा कोरता येतो, पण ओतीव दस्त्याला दुसरा साचाच लागतो आणि साचा महाग. म्हणून नवे मॉडेल बहुधा आधी उजवे येते, डावे मागाहून, आणि तेही मोजक्या काडतुसांत: .२४३, .२७०, .३०८, .३०-०६, ६.५ क्रीडमूर, .३०० विंचेस्टर मॅग्नम. त्यामुळे डावखुऱ्याने आधी काडतूस ठरवून मग रायफल शोधण्यापेक्षा अंगाला बसणारी डावी रायफल आधी शोधावी आणि तिच्यात मिळणाऱ्या काडतुसांतून निवड करावी. या यादीतले .३०८ किंवा .३०-०६ मध्यम आकाराच्या बहुतेक शिकारीला पुरते.

त्याआधी डोळा तपासायचा. हात लांब करून दोन्ही तळव्यांमध्ये लहान फट करा, दोन्ही डोळे उघडे ठेवून तिच्यातून दूरची वस्तू पाहा आणि मग एकेक डोळा मिटा. जो डोळा उघडा असताना वस्तू फटीतच राहते तो प्रबळ. प्रबळ डोळा ओळखण्याची अशाच धाटणीची तपासणी इटालियन विद्वान जांबात्तिस्ता देल्ला पोर्ता यांनी १५९३ मध्येच लिहून ठेवली होती. साधारण एक तृतीयांश माणसांचा डावा डोळा प्रबळ असतो, म्हणजे डावखुऱ्यांपेक्षा खूप जास्त. उजव्या हाताचा पण डाव्या डोळ्याचा माणूसही डाव्या रायफलीचा गिऱ्हाईक ठरतो, आणि शिकायला सुरुवात करणाऱ्याने डोळ्याचेच ऐकावे.

मग रायफल रिकामी असल्याची खात्री करून, नकली काडतुसे भरून, खांद्यावरून न उतरवता बोल्ट चार-पाचदा चालवावा. आखूड ओढीची सवय इथेच उघडी पडते. माउझरच्या जातीच्या रायफलीत बोल्ट पुरता मागे आला नाही तर इजेक्टर पुंगळीला लागतच नाही आणि रिकामी पुंगळी परत नळीत जाते. ज्यांच्या बोल्टच्या तोंडातच स्प्रिंगचा इजेक्टर आहे त्यांत पुंगळी उडून जाते, पण बोल्टचे तोंड पुढच्या काडतुसाच्या मागे पोचलेले नसते. बोल्ट रिकाम्या नळीवर बंद होतो आणि ट्रिगर दाबल्यावर नुसता ‘टक्’ आवाज येतो. उजवा बोल्ट वरून हात टाकून चालवणाऱ्या डावखुऱ्याकडून हे जास्त होते, कारण कोपर आडवे येते आणि हात शेवटपर्यंत जात नाही.

दस्ता हातात घेऊन पाहावा. गालाचा उंचवटा उजव्या अंगाला हवा आणि तळव्याचा फुगवटा असेल तर डाव्या तळव्याला भिडणारा. काही दस्ते नळीच्या रेषेपासून किंचित बाहेर वळवलेले असतात. डावखुऱ्यासाठी हे वळण डावीकडे लागते, उजवीकडचे वळण डोळा दुर्बिणीच्या मध्यातून ढकलते.

टेकणीवर बसून एकेक गोळी झाडणाऱ्या बेंचरेस्ट नेमबाजांनी मात्र हा क्रम मुद्दाम उलटा केला आहे. तिथे उजव्या हाताचे काही जण डाव्या हँडलची रायफल घेतात, कारण ट्रिगरवरचा हात तसाच ठेवून मोकळ्या हाताने बोल्ट चालवता येतो. म्हणून उजव्या बोल्टची रायफल घरात असलेल्या डावखुऱ्याने ती मचाणावर किंवा दोन पायांच्या टेकूवर, उजव्या हाताने बोल्ट चालवत जरूर वापरावी. चालत्या शिकारीत पुढचा हात रायफल तोलण्यात गुंतलेला असतो, तिथे ही सोय राहत नाही.