नाशिकची कॅबर्ने-शिराझ आणि बोर्दोची रेड: फरक नेमका कुठे पडतो

दादर-पार्ल्याच्या कुठल्याही बऱ्या वाईन शॉपमध्ये रेडच्या फळीवर या दोघी शेजारी दिसतात. एकीवर ठळक अक्षरांत कॅबर्ने-शिराझ आणि खाली नाशिक. दुसरीवर एखाद्या शातोचं (द्राक्षमळ्यातल्या वाड्याचं) चित्र, बोर्दो हे फ्रान्समधल्या प्रांताचं नाव आणि साल; द्राक्षाचा बहुतेकदा पत्ताच नाही. दोन्ही एकाहून अधिक द्राक्षांच्या मिश्रणाच्या, दोन्हींत सहसा कॅबर्ने सोविन्याँ ही द्राक्षाची जात. मग वाटतं, फरक आयात शुल्काचाच असणार. पण खरी गोम वेगळी आहे: कॅबर्नेच्या जोडीला कोण दिलंय, आणि का.

बोर्दोत मिश्रण ही मुळात पावसापाण्याची भीती. अटलांटिक जवळ, अक्षांश जवळजवळ ४५. वसंतात कोवळे फुटवे गोठतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात ऐन काढणीला पाऊस गाठतो. मर्लो ही दुसरी जात लवकर पिकते, कॅबर्ने उशिरा. एक गेली तर दुसरी हाताशी राहते. जिरोंद खाडीच्या डाव्या काठावर, मेदोकमध्ये, गोट्यांची जमीन आहे. पाणी झरझर निचरतं, दगड तापतात आणि उशिरा येणारी कॅबर्नेही पिकते. उजवीकडे, सँतेमिल्यों-पोमरोलला, चिकणमाती आणि चुनखडी. तिथे मर्लोचं राज्य. एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत: बोर्दोत लाल द्राक्षांत सर्वाधिक लागवड मर्लोचीच आहे. त्यामुळे लेबलवर नुसतं बोर्दो लिहिलेली स्वस्तातली बाटली बहुधा मर्लोप्रधानच निघते.

कसारा घाट चढून नाशिकला गेलात की सगळं उलटं. अक्षांश २०, उंची सुमारे ६०० मीटर, खाली काळा पाषाण आणि मुरूम. इथे वेल हिवाळ्यात झोपतच नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटावी लागते. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी, पावसाळा सरताना फळछाटणी. द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. थंड रात्रींमुळे आंबटपणा टिकतो, पण फेब्रुवारीनंतर ऊन चढलं की साखर झपाट्याने वाढते आणि आंबटपणा घसरतो. पिकेल की नाही ही चिंता इथे नाही, वेळेत उतरवण्याची घाई आहे. मग शिराझ कशासाठी? कॅबर्ने घोटाच्या सुरुवातीला आणि शेवटी जोर धरते, मधे पोकळ वाटते. ती पोकळी शिराझ मांसल फळाने भरते. घोट घेतलात तर पिकलेलं जांभूळ आणि काळी मिरी. हे मिरीचं वर्णन हवेतलं नव्हे: शिराझला तो वास देणारं रोटंडोन हे द्रव्य खऱ्या काळ्या मिरीतही असतं.

बोर्दोच्या रेडमध्ये फळ मागे असतं. सुकं पान, देवदाराची पेन्सिल, आणि थंड सालातली असेल तर चक्क कापलेली ढोबळी मिरची. तुरटपणा जास्त, गोडसर भास कमी. पहिल्या घोटात ती रुक्ष वाटते आणि लोक पैसे वाया गेले म्हणतात. मला ते घाईचं वाटतं. ग्लासात अर्धा तास ठेवून बघा.

गंमत म्हणजे १९व्या शतकात बोर्दोचे व्यापारी आपल्या फिक्या वाईनला अंग यावं म्हणून फ्रान्सच्याच ऱ्होन खोऱ्यातली हर्मिताज नावाची वाईन मिसळत. ती सिराहची, म्हणजे शिराझचीच. आज बोर्दोच्या नियमांत शिराझ बसत नाही. म्हणजे नाशिकची जोडी परकी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी जरा जपून.

जेवणाचं म्हणाल तर झणझणीत सुक्या मटणाला शिराझवाली बरी, कारण तिखटावर तुरटपणा आणखी बोचतो. बोर्दो मंद मसाल्याच्या भाजलेल्या मटणाला. बांगड्याबरोबर दोन्ही नकोत, तोंडात लोखंडी चव येते. आणि पुस्तकातलं 'रूम टेंपरेचर' मुंबईत विसरा. ३० अंशांत दोघींचंही मद्यार्कच नाकात जातं. बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये घालून मगच उघडा.