विद्युत मोटार आणि पेट्रोल-सीएनजी मोटार : इंधनखर्चाची तुलना (खानदेश)

एक किलोमीटर अंतर कापण्यासाठी विद्युत मोटारीला लागणाऱ्या विजेची किंमत आणि तेवढ्याच अंतरासाठी पेट्रोल, डिझेल किंवा सीएनजी मोटारीला लागणाऱ्या इंधनाची किंमत यांची ही तुलना आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत मिळणारे दर, येथील रस्ते आणि येथील उन्हाळा तिला आधार आहेत. गाडीची खरेदी, विमा, देखभाल आणि बॅटरीची झीज तिच्यात धरलेली नाही. दर बदलत राहतात. खालचे हिशेब २०२४–२५ च्या सुमाराच्या दरांवर केले आहेत.

इंधनाच्या गाडीचा हिशेब सोपा असतो, कारण पंपावर पहिल्या लिटरचा आणि चाळिसाव्या लिटरचा भाव एकच असतो. घरच्या विजेचे तसे नाही. महावितरणच्या घरगुती दरात जसजसा वापर वाढतो तसतसे पुढचे युनिट महाग होत जाते. त्यामुळे विद्युत मोटारीचा खर्च गाडीच्या अ‍ॅव्हरेजइतकाच ती कोणत्या मीटरवर आणि महिन्याच्या कितव्या युनिटावर चार्ज होते यावर ठरतो. ‘किलोमीटरला एक रुपया’ असे जे सर्रास सांगितले जाते, ते बहुतेक घरांच्या बाबतीत खरे नाही. तरीही फरक मोठाच उरतो, आणि तो नेमका किती हे समजून घेण्यासारखे आहे.

इंधनाच्या गाड्या

या काळात खानदेशात पेट्रोल लिटरला १०५ रुपयांच्या आणि डिझेल ९१ रुपयांच्या आसपास होते. लहान पेट्रोल मोटार गाव आणि महामार्ग मिळून लिटरला १५ किमी जाते असे धरले, तर किलोमीटरला ७ रुपये पडतात. लिटरला २० किमी देणाऱ्या डिझेल गाडीला साधारण ४.५५ रुपये लागतात. सीएनजीचा भाव किलोला ९० रुपये आणि अ‍ॅव्हरेज २२ किमी धरले, तर ४.१० रुपये होतात. म्हणून विद्युत मोटारीची खरी स्पर्धा पेट्रोलशी नसून सीएनजीशी आहे. पेट्रोल गाडीत सीएनजी किट बसवून घेतलेल्या माणसाला विद्युत गाडीतून मिळणारी बचत पेट्रोलवाल्याच्या तुलनेत बरीच कमी असते.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे अशा मिश्रणाच्या लिटरमागे ऊर्जा ६–७ टक्क्यांनी घटते. भाव मात्र लिटरवर ठरतो. जुन्या गाडीचे जुने अ‍ॅव्हरेज हिशेबात धरणाऱ्याने ही घट लक्षात घ्यावी.

मुळात दोन्ही प्रकारांच्या खर्चात एवढे अंतर पडते ते इंजिनामुळे. एक लिटर पेट्रोलमध्ये जवळजवळ ९ युनिट विजेइतकी ऊर्जा असते, पण इंजिन तिचा ढोबळमानाने चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचवते आणि बाकीची उष्णता होऊन वाया जाते. विद्युत गाडीतली मोटर बॅटरीतली बहुतेक ऊर्जा चाकाला देते. म्हणूनच तीच गाडी ९ युनिटांच्या पेट्रोलवर १५ किमी जाते, तर बॅटरीतल्या एका युनिटावर ७ किमी.

घरच्या मीटरवरचा खर्च

लहान विद्युत मोटार बॅटरीतल्या युनिटामागे साधारण ७ किमी जाते. पण बिल बॅटरीत शिरलेल्या विजेचे येत नाही, मीटरमधून गेलेल्या विजेचे येते. चार्ज करताना १० ते १५ टक्के वीज वाया जाते, म्हणून मीटरच्या युनिटामागे ६ किमी धरणे प्रामाणिकपणाचे आहे.

२०२४–२५ मध्ये महावितरणचा घरगुती दर, वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचा आकार) धरून, असा होता : पहिल्या १०० युनिटांना ५.८८ रुपये, १०१ ते ३०० युनिटांना ११.४६, ३०१ ते ५०० युनिटांना १५.७२ आणि त्यापुढे १७.८१. यावर १६ टक्के वीज शुल्क लागते. स्थिर आकार गाडी असो-नसो भरावाच लागतो, म्हणून तो गाडीच्या खात्यावर टाकू नये.

पहिली स्वस्त १०० युनिटे घरातले पंखे, फ्रिज आणि पाण्याची मोटर संपवून टाकतात. गाडीच्या वाट्याला वरच्या टप्प्याचीच युनिटे येतात. शुल्कासह हिशेब केला तर दुसऱ्या टप्प्यात किलोमीटरला २.२२ रुपये, तिसऱ्यात ३.०४ आणि चौथ्यात ३.४४ रुपये पडतात.

जळगावहून भुसावळला रोज जाऊन येणारा नोकरदार घेऊ. जाऊन-येऊन ५० किमी, महिन्यात २० दिवस, म्हणजे १,००० किमी आणि १६७ युनिट. घराचा एरवीचा वापर १८० युनिट असेल, तर गाडीची पहिली १२० युनिटे दुसऱ्या टप्प्यात बसतात आणि उरलेली ४७ तिसऱ्यात जातात. बिलात सुमारे २,४५० रुपयांची भर पडते, म्हणजे किलोमीटरला २.४५. पेट्रोलवर याच प्रवासाला ७,००० रुपये आणि सीएनजीवर ४,१०० रुपये लागले असते. पण जुन्या बिलाची सरासरी काढून तोच हिशेब केला, तर युनिटाचा दर ९.७० येतो आणि गाडी किलोमीटरला १.६२ रुपयांत चालते असे दिसते. महिन्याला आठशेहून जास्त रुपयांची ही चूक निव्वळ सरासरीने होते. शोरूममध्ये दाखवला जाणारा आकडा बहुधा याहूनही खालचा असतो.

मे महिन्यात चित्र आणखी बदलते. जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर चढतो, कूलर आणि एसी रात्रभर चालतात. त्याच घराचा वापर ३५० युनिटांवर गेला, तर गाडीची जवळजवळ सगळी युनिटे तिसऱ्या टप्प्यात पडतात आणि थोडी चौथ्याला लागतात. तेच १,००० किमी तेव्हा सुमारे ३,०९० रुपयांना पडतात. खानदेशात विद्युत मोटारीचा खर्च वर्षभर एकसारखा राहत नाही, म्हणून हिवाळ्यातल्या एका बिलावरून वर्षाचा अंदाज बांधू नये.

यावर दोन उपाय आहेत. विद्युत वाहनाच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी घेता येते. तिचा दर वेगळ्या वर्गात लागतो आणि घराच्या टप्प्यांशी त्याचा संबंध राहत नाही. दुसरा उपाय छतावरची सौर वीज. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेत २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार आणि ३ किलोवॅट व त्यापुढे एकूण ७८ हजार रुपये अनुदान मिळते. एक किलोवॅटचे पॅनल दिवसाला सरासरी ४ युनिट देते, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या गाडीपुरते दीड किलोवॅट पुरते. नेट मीटरमुळे दिवसा दिलेली युनिटे रात्रीच्या वापरातून वजा होतात आणि ती वजाबाकी बिलातल्या सर्वांत महाग टप्प्यापासून सुरू होते. पॅनलचा मोठा फायदा इथेच आहे. खानदेशात ऊन ही उणीव कधीच नव्हती. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे.

मळ्यातले मीटर

रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात आणि शहादा-शिरपूरकडे मळ्यातच घर असलेली पुष्कळ कुटुंबे आहेत. शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी लावली तर वीज फुकटच पडते, असा विचार तेथे साहजिक येतो, कारण एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना राज्य सरकारने वीजबिल माफ केले आहे. ही वीज केवळ पंपासाठी आहे. मंजूर कारणाखेरीज अन्य कामासाठी ती वापरणे विद्युत कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरते आणि त्याची वसुली वाढीव दराने होते. शिवाय शेतीच्या फीडरवर, म्हणजे शेतीला वीज पुरवणाऱ्या वाहिनीवर, वीज ठरावीक तासच असते. मळ्यातल्या घराला घरगुती मीटर असेल तर हिशेब त्यावरच करावा.

महामार्गावरचा चार्जर

धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे मार्ग एकमेकांना छेदतात. चार्जरही याच रस्त्यांच्या कडेने जास्त आहेत. सातपुड्याच्या पायथ्याकडे सरकावे तसे ते विरळ होत जातात.

जलद चार्जरचा दर युनिटाला २० रुपये असेल, तर १८ टक्के जीएसटीसह २३.६० होतात. येथे मोजणी गाडीत जाणाऱ्या विजेची होते, म्हणून अ‍ॅव्हरेज ७ किमी धरता येते : किलोमीटरला ३.३७ रुपये. दर २५ रुपये असेल तर ४.२१, म्हणजे सीएनजीपेक्षा थोडे जास्तच. महामार्गावर गाडीची भूकही वाढते. ताशी १०० किमी वेगाला हवेचा विरोध इतका वाढतो की युनिटामागचे किलोमीटर पाच-साडेपाचवर येतात. पेट्रोल गाडी मात्र गावातल्यापेक्षा महामार्गावर जास्त अ‍ॅव्हरेज देते. दर आठवड्याला धुळ्याहून नाशिक-मुंबई करणाऱ्या आणि चार्जिंग बाहेरच करणाऱ्या माणसाने इंधनाच्या बचतीसाठी सीएनजी सोडून विद्युत गाडी घेण्यात अर्थ नाही.

ऊन आणि घाट

एसीचा भार विद्युत गाडीवर किलोमीटरने नाही, तासाने पडतो. एसी तासाला दीड युनिट ओढत असेल, तर गावात ताशी २५ किमीने रखडत चालणाऱ्या गाडीला २५ किमीला साडेतीनऐवजी पाच युनिट लागतात. तीच गाडी ताशी ६० किमीने चालली तर फरक निम्म्याहून कमी राहतो. निघण्याआधी गाडी प्लगवर असतानाच आतून गार करून घेतली, तर बॅटरीवरचा ताण वाचतो.

घाटाची भीती मात्र जास्त घातली जाते. शहाद्याहून तोरणमाळला चढताना गाडी सुमारे १,००० मीटर उंची गाठते. दीड टनाच्या गाडीला नुसत्या उंचीसाठी सुमारे ४ युनिट जास्त लागतात, आणि उतरताना मोटरच जनित्र होऊन त्यांतला बराच भाग बॅटरीत परत टाकते. पेट्रोल गाडीने चढताना जाळलेले पेट्रोल उतारावर परत येत नाही.

दराची भौगोलिक तफावत

खानदेशातल्या पंपांना मोठ्या प्रमाणावर इंधन मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून टँकरने येते. तेथपर्यंत ते मुंबईहून नळवाहिनीने येते. वाहतुकीमुळे गावोगावच्या भावात काही पैशांचा फरक राहतो. राज्याच्या सीमेवर तो रुपयांत जातो. गुजरातमध्ये कर कमी असल्याने तेथे पेट्रोल लिटरला सुमारे १० रुपयांनी स्वस्त असते, म्हणून नवापूरकडची गाडी सीमेपलीकडे टाकी भरून आणते. ९५ रुपयांच्या पेट्रोलवर तिचा खर्च किलोमीटरला ६.३३ रुपयांवर येतो. मध्य प्रदेशाच्या बाजूला असा लाभ नाही. तेथे पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा थोडे महागच असते.

विजेचा दर मात्र महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो आणि तो महावितरणच्या एका वर्गातल्या सगळ्या ग्राहकांना सारखा असतो. भुसावळजवळ दीपनगरचे औष्णिक केंद्र आहे, साक्रीच्या पठारावर ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या फिरतात, पण शेजारी वीज तयार होते म्हणून बिल कमी येत नाही. धडगावच्या आणि जळगावच्या घराला एकच दर आहे. डेपोपासून लांब असलेल्या अक्राणीसारख्या (धडगावच्या तालुक्यासारख्या) भागात हा सारखेपणा विद्युत गाडीच्या बाजूने जातो, मात्र तेथे रात्रभर पुरेशा दाबाने वीज मिळते का, हे गाडी घेण्याआधी त्या-त्या गावात पाहावे लागते.