फडफड वेगळी, उचल वेगळी: डी-फ्लॅपर आणि टाय-डाउन यांची गल्लत

आरव्हीच्या, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या, ऑनिंगला (भिंतीतून बाहेर काढायच्या कापडी छपराला) वाऱ्यापासून कसं वाचवायचं, असं कुणी विचारलं की एका दमात दोन उत्तरं येतात: डी-फ्लॅपर लाव, टाय-डाउन लाव. एकाच औषधाची दोन नावं असावीत, अशा थाटात. मग विचारणारा त्यातलं स्वस्त आणि लावायला सोपं ते उचलतो, म्हणजे डी-फ्लॅपर, आणि ‘चला, वाऱ्याची सोय झाली’ म्हणून ऑनिंग रात्रभर उघडी ठेवून झोपतो. सकाळी रोलर, म्हणजे कापड गुंडाळायची नळी, गाडीच्या टपावर पालथा पडलेला असतो, त्याला धरणारे दोन हात, म्हणजे आर्म, वाकलेले असतात आणि खापर फुटतं डी-फ्लॅपरच्या माथी. त्या बिचाऱ्याचं ते कामच नव्हतं.

ऑनिंग कशी उघडायची, कशी गुंडाळायची हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. फक्त तिच्या चार कडा डोळ्यांसमोर आणा. एक कड गाडीच्या भिंतीवरच्या रेलमध्ये सरकवलेली असते, ती पक्की. समोरची कड रोलरवर, आणि रोलर दोन टोकांना दोन आर्मच्या भरवशावर. उरलेल्या डाव्या-उजव्या कडांना कुणीच धरलेलं नसतं. सगळी गल्लत या शेवटच्या दोन वाक्यांत आहे, कारण वारा या दोन ठिकाणी दोन निरनिराळे उद्योग करतो.

मोकळ्या बाजूच्या कडा फडफडतात. डी-फ्लॅपर त्यासाठीच असतो: कापडाची कड पकडणारा एक चिमटा आणि तो चिमटा जवळच्या आर्मला बांधणारा छोटा पट्टा. दोन्ही बाजूंना एकेक लावला की कापड ताणलेलं राहतं. फडफड थांबली की शिवण उसवत नाही, रेलजवळचं कापड घासून विरत नाही आणि शेजाऱ्यांनाही झोप लागते. उपयोगी वस्तू आहे, माझा तिच्याशी काही वाद नाही.

रोलरची कड मात्र उचलली जाते. वारा खालून शिरला की अख्खं कापड वर फुगतं, रोलर वर जायला बघतो आणि आर्मही त्याच्यामागे जातात. टाय-डाउन यासाठी असतो: रोलरच्या टोकांपासून किंवा आर्मच्या वरच्या टोकापासून जमिनीतल्या खुंटीपर्यंत जाणारा पट्टा. डी-फ्लॅपर कापडाला आर्मशी बांधतो, टाय-डाउन आर्मला जमिनीशी बांधतो. वाळत घातलेल्या चादरीला चिमटे लावले म्हणून दोरीचा खांब रुतून बसत नाही, तसंच हे. आर्मच उचलला जात असेल, तर आर्मला बांधलेला चिमटा कुणाला थांबवणार?

इतकं सरळ असूनही माणसं फसतात, आणि फसवतो तो आवाज. फडफडीला आवाज असतो. रात्री दोन वाजता कापड फटाफट आपटायला लागलं की अख्खं कुटुंब जागं होतं. उचलीला आवाज नसतो. रोलर मुकाट्याने वीतभर वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो. शेवटच्या क्षणी जो मोठा आवाज होतो, तो ऐकून करण्यासारखं काही उरलेलं नसतं. साहजिकच लोक आवाजावर इलाज करतात आणि आवाज गेला म्हणजे धोका गेला असं समजतात. खरं तर उलटं झालेलं असतं. फडफड ही ऑनिंगची फुकटातली धोक्याची घंटा होती. चिमटे लावून ती बंद केली, वारा मात्र तेवढाच आहे. म्हणून माझा आग्रह असा की ज्याने डी-फ्लॅपर लावले, त्याने ऑनिंगकडे पूर्वीपेक्षा जास्त वेळा बघावं. होतं नेमकं याच्या विरुद्ध.

बघायचं म्हणजे कापडाकडे नव्हे, रोलरच्या टोकाकडे. ऑनिंगखाली खुर्चीत बसा आणि रोलरचं टोक मागच्या एखाद्या न हलणाऱ्या रेषेशी जुळवा: क्षितिज, कुंपणाची वरची दांडी, शेजारच्या गाडीच्या खिडकीची कड. डोकं हलवू नका. टोक त्या रेषेपाशी बोटभर थरथरत असेल तर ती फडफड आहे, चालू द्या. टोक रेषा ओलांडून वर जातंय, क्षणभर तिथेच थांबतंय आणि मग धपकन खाली येतंय, तर ती उचल आहे. तो क्षणभराचा थांबा महत्त्वाचा, कारण तेवढा वेळ ऑनिंगचं वजन वाऱ्याने पेललेलं असतं. त्याच वेळी कापडाचं पोट वरच्या बाजूला फुगलेलं दिसेल, आर्मच्या सांध्यांतून टक्-टक् ऐकू येईल. हे दिसल्यावर चहा संपवत बसू नये.

आता थोडा हिशेब, कारण ‘एवढ्याशा वाऱ्याने काय होतं’ हे वाक्य ऐकून कान किटले आहेत. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५ मीटर लांब आणि २.४ मीटर बाहेर आलेली ऑनिंग म्हणजे १२ चौरस मीटर कापड. ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्याचा पूर्ण दाब तिच्यावर पडला तर जोर साधारण २३ किलो वजनाएवढा. ४० ला तोच ९३ किलो. ६० ला २०० किलोच्या वर. कापड तिरपं असतं, गाडीचा आडोसा असतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा कमी-जास्त होतो, पण वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो यात सूट नाही. आर्मला पाण्याची बादली टांगून निश्चिंत होणाऱ्यांनी हे आकडे एकदा वाचावेत. २० लिटरची बादली म्हणजे २० किलो, आणि तीही झोके घेणारी. मला तर ती बादली बघूनच धडकी भरते.

हवामानाच्या अंदाजातही अशीच एक जोडी लोक एकत्र कालवतात: सरासरी वारा आणि झोत. अंदाजात ठळक दिसतो तो बहुधा सरासरी वारा, म्हणजे मोकळ्या जागी १० मीटर उंचीवर, साधारण १० मिनिटांत मोजलेला. झोत मोजतात ३ सेकंदांचा. ऑनिंग मोडायला ३ सेकंद पुरतात. तेव्हा झोताचा आकडा बघा आणि तो दिलेला नसेल तर झाडं बघा. वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या ब्यूफोर्टच्या मोजपट्टीवर ४ म्हणजे ताशी २० ते २८ किलोमीटर. धूळ आणि सुटे कागद उडतात, लहान फांद्या हलतात. इथे मी ऑनिंगजवळून हलत नाही. ५ म्हणजे २९ ते ३८. पानांनी भरलेली लहान झाडं डोलू लागतात. इथे माझी ऑनिंग आत गेलेली असते, पट्टे असोत वा नसोत.

पट्टे असूनही? हो, कारण टाय-डाउनबद्दलही एक गोड गैरसमज आहे. पट्टा वाऱ्याचा जोर कमी करत नाही, तो जोर दुसरीकडे पाठवतो. रोलर खाली बांधून ठेवलात, वारा वाढला, की कापड मधोमध फुगतं आणि सगळा ताण भिंतीवरच्या रेलवर आणि आर्मच्या ब्रॅकेटवर येतो. ते ब्रॅकेट बारीक चौकटीच्या भिंतीत स्क्रूने बसवलेले असतात. आधी आर्म वाकला असता, आता कापड रेलमधून फाटेल किंवा स्क्रू भिंतीसकट उपटून येतील. टाय-डाउन तुम्हाला अधूनमधून येणाऱ्या किरकोळ झोतापुरती उसंत देतो. ती गुंडाळण्यासाठी वापरायची, झोपण्यासाठी नाही.

पट्टा कसा लावायचा यात माझी मतं ठाम आहेत. तो रोलरच्या टोकांजवळ, आर्मपाशीच हवा; मधोमध टाकलेला पट्टा रोलरला खाली वाकवतो, आणि वाकलेला रोलर पुन्हा नीट गुंडाळत नाही. पट्ट्यात स्प्रिंग हवीच. गाडी स्वतःच्या सस्पेन्शनवर डुलते, कापड सैलावतं, आर्म लवतात. ताठ पट्टा यातला प्रत्येक हिसका जसाच्या तसा ब्रॅकेटला पोचवतो, स्प्रिंग तो गिळते. सामान आवळायचा रॅचेट पट्टा ऑनिंगला लावणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलं आहे. तो इतका आवळतो की वारा यायच्या आधीच आर्म वाकतो. हाताने ओढून ताठ झाला की बस.

जमिनीत स्क्रूसारखी फिरवत आत जाणारी खुंटी घ्या. तंबूबरोबर येणारी सरळ, बारीक खुंटी मऊ मातीत लोण्यातून सुरी निघावी तशी निघते. सुट्या वाळूत वा खडीत ही स्क्रूवालीही भरवशाची नाही, आणि काँक्रीटच्या चौथऱ्यावर तर प्रश्नच मिटला: पट्टा नाही, म्हणजे ऑनिंग फक्त तुमच्या नजरेसमोर उघडी. टेबलाला, बर्फाच्या पेटीला किंवा खुर्चीला पट्टा बांधू नका. ऑनिंगबरोबर टेबलही उडतं.

हाताने उघडायची ऑनिंग आणि बटणावरची ऑनिंग यांत या बाबतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हाताच्या जुन्या पद्धतीच्या ऑनिंगमध्ये आर्मचे खालचे पाय भिंतीवरून सोडवून सरळ जमिनीवर उभे करता येतात आणि तिथेच खुंटीने पक्के करता येतात. थोड्या वाऱ्याला ही रचना बरीच खंबीर. बटणाच्या ऑनिंगला जमिनीवर टेकायला पायच नसतात. तिचे आर्म भिंतीतून निघतात आणि स्प्रिंग किंवा गॅस स्ट्रटच्या (दाबलेल्या वायूच्या दांड्याच्या) जोरावर कापड ताणतात. तो जोर कापड ताणण्यापुरता आहे, वादळाशी कुस्ती खेळायला नाही. काही मॉडेलना पट्टा चालतच नाही, तेव्हा पट्टा विकत घेण्याआधी पुस्तिका उघडा.

बटणाच्या ऑनिंगबरोबर येणारा वाऱ्याचा सेन्सर हा आणखी एक भाबडा विश्वास. बहुतेक सेन्सर रोलरच्या कडेचे हेलकावे ओळखतात आणि ठरावीक मर्यादेपलीकडे ऑनिंग आत ओढतात. चांगली सोय आहे, पण वीज बंद असेल तर तो झोपलेला, आणि पहिला जोराचा झोत त्याच्या आधी पोचू शकतो. शिवाय खरा घोटाळा पुढेच: सेन्सरला तुमचे पट्टे दिसत नाहीत. रोलर जमिनीला बांधलेला, चिमटे कापडाला लावलेले, आणि मोटर ऑनिंग आत ओढते आहे. यात आर्म पिळतो, कापड फाटतं किंवा मोटर जळते, कधी तिन्ही. पट्टे लावायचे असतील तर सेन्सर बंद करा, सेन्सर चालू ठेवायचा असेल तर पट्टे लावू नका. दोन्ही एकदम लावून ‘दुहेरी सुरक्षा’ म्हणणारे भेटतात. ते दुहेरी नुकसान आहे.

बाकीच्या गोष्टी पटकन. समोर लटकवायची जाळी ऑनिंगला खाली धरते असं वाटतं, पण ती मुख्यतः शीड आहे. वारा आला की पहिली ती काढा. पावसासाठी एक कोपरा खाली उतरवून ठेवा, कारण एक चौरस मीटरवर एक सेंटीमीटर पाणी साचलं तरी १० किलो होतं. बाहेरची कड थोडी खाली घेतल्याने समोरच्या वाऱ्याला खालून शिरायला कमी वाव मिळतो. पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याला याचा फारसा फरक पडत नाही, तो टपावरून येऊन वरून ओढतो. प्रवासात ऑनिंग आपोआप उघडण्याचा त्रास हा वेगळा विषय, तो प्रवासाच्या कुलपाचा; त्यात पट्टे आणि चिमटे यांचं काही काम नाही.

आता वारा खरंच वाढला आणि दोन्ही लावलेलं आहे, तर क्रम असा. आधी समोरची जाळी असेल तर ती, मग दोन्ही डी-फ्लॅपर. पट्टे शेवटी, कारण पट्टा आधी सोडलात तर उसळलेला रोलर चिमट्यांसकट वर जाईल. एकाने बटणाशी किंवा दांड्याशी तयार उभं राहायचं, दोघांनी दोन पट्ट्यांशी. झोत ओसरेपर्यंत थांबायचं, ओसरला की दोन्ही पट्टे एकदम सोडायचे आणि लगेच आत घ्यायला सुरुवात करायची. एकच पट्टा सोडून दुसऱ्याकडे धावत गेलात तर रोलर तिरका होतो आणि अर्ध्यात अडकतो. रोलरला लोंबकळू नका, त्याच्या थेट खाली उभे राहू नका. हाताच्या ऑनिंगमध्ये रोलरच्या आतली स्प्रिंग भरलेली असते, ती सुटली की बोटं मोजत बसत नाही. रोलर ओढण्यासाठी मधोमध असलेला पट्टा (हा टाय-डाउन नव्हे) हातातून सोडायचा नाही. बटणाची ऑनिंग ऐन वेळी वीज नसल्याने अडली तर हाताने कशी गुंडाळायची, हे पुस्तिकेत वाचून वारा नसलेल्या दिवशी एकदा करून बघा. अंधारात, पावसात, टॉर्च तोंडात धरून ते पान सापडत नाही.

ओली गुंडाळावी लागली तर खुशाल गुंडाळा. पाऊस-वारा सरला की पुन्हा उघडून पूर्ण वाळवा, नाहीतर बुरशी धरते.