हाड पोखरणारंच हाड बांधतं तेव्हा

गुडघ्याची कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, 'परत उगवणाऱ्या' पेप्टाइडच्या गोळ्यांची जाहिरात आमच्या घरच्या ग्रुपवर फिरत होती. त्याच आठवड्यात मावशीच्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या डब्यामागे एक इंजेक्शनचं पेन दिसलं. तेही पेप्टाइडच, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी माळ. नाव टेरीपॅराटाइड.

गळ्यात थायरॉइडच्या पाठीला चिकटून पॅराथायरॉइडच्या सहसा चार इवल्या ग्रंथी असतात. त्यांचं संप्रेरक म्हणजे 84 अमिनो आम्लांची माळ. तिचे पहिले 34 मणी तेवढे प्रयोगशाळेत बनवले की झालं टेरीपॅराटाइड. ठिसूळ हाडांसाठी अमेरिकेत त्याला 2002 साली मान्यता मिळाली.

गंमत म्हणजे हे संप्रेरक हाडं पोखरणारं म्हणूनच ओळखलं जातं. रक्तातलं कॅल्शियम घटलं की ते हाडांतून उपसून आणायचं, हे त्याचं काम. ग्रंथीत गाठ होऊन ते रात्रंदिवस पाझरत राहिलं, तर हाडं विरळ होतात. मग तेच टोचून हाड भरतं कसं?

सगळी खुबी वेळेत आहे. दिवसाला एकदाच, 20 मायक्रोग्रॅम. रक्तातली पातळी अर्ध्या तासात चढते आणि तीनेक तासांत ओसरते. हाडात ऑस्टिओब्लास्ट हे गवंडी आणि ऑस्टिओक्लास्ट पाडकामवाले. पाडकामवाल्यांना हुकूम मिळतो तो गवंड्यांच्याच भाऊबंद पेशींकडून, रँकल नावाच्या प्रथिनाच्या रूपात. संप्रेरक सतत हजर असेल तर रँकल वाढत जातं आणि पाडकाम वरचढ होतं. ते येऊन लगेच गेलं तर मात्र गवंडी जास्त दिवस जगतात, हाडाच्या पृष्ठभागावर निजलेल्या पेशी कामाला लागतात, आणि हाडात गाडलेल्या ऑस्टिओसाइट पेशी स्क्लेरोस्टिन, म्हणजे बांधकामाचा ब्रेक, सैल सोडतात. पाडकामही वाढतं, पण मागाहून. बांधकाम सुरू झाल्यापासून पाडकाम वाढेपर्यंतचे मधले महिने ही खरी कमाई.

"दोनदा टोचलं तर लवकर भरेल का गं?" मावशीने विचारलंच. नाही गं बाई!

आणि त्या गोळ्या? ही 34 मण्यांची माळ नुसती गिळली, तर पोटातले पाचक रस वरणातल्या प्रथिनासारखे तिचेही तुकडे करतील. म्हणून तर मांडीत किंवा पोटावर टोचायचं. कूर्चेवरही टेरीपॅराटाइडचे प्रयोग झालेत. 2011 साली गुडघा दुखावलेल्या उंदरांमध्ये ती सुधारलेली दिसली. मावशीला मात्र ते पिचलेल्या मणक्यासाठी दिलंय. गुडघ्याला ती अजून शेकच देते.