लिव्हर सिरॉसिस : उपद्रव, लक्षणे आणि कोल्हापुरातील घरची शुश्रूषा

लिव्हर सिरॉसिस ही यकृताच्या दीर्घकालीन इजेची पुढची अवस्था असून तीत निरोगी पेशींच्या जागी तंतुमय ऊती साचते, यकृत गाठाळ होते आणि त्यातून वाहणाऱ्या रक्ताला अडथळा होतो. दारू, हिपॅटायटिस बी व सी यांचे विषाणू आणि मधुमेह-स्थूलतेसोबत येणारे फॅटी लिव्हर ही त्याची प्रमुख कारणे होत. दारूला कधीही न शिवलेल्या माणसालाही हा आजार होतो. तरीही ‘लिव्हर गेलं म्हणजे पीत असणार’ असा शेजारपाजारचा समज रुग्णाला, विशेषतः स्त्रियांना, आजार लपवायला लावतो आणि उपचाराचा मोलाचा काळ निघून जातो. दारू कायमची सोडल्यास किंवा विषाणूवर औषध घेतल्यास आजाराची वाटचाल मंदावते. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात बी आणि सी या दोन्ही प्रकारांची तपासणी व औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात.

प्रारंभी अनेक वर्षे थकव्यापलीकडे काही जाणवत नाही. पुढे आतड्याकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेतील दाब वाढला आणि यकृताचे काम ढासळले की पोटात पाणी होणे, अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होणे, बुद्धी भ्रमित होणे आणि कावीळ हे चार मोठे उपद्रव दिसू लागतात. यांपैकी एक जरी उद्भवला तरी आजार गंभीर टप्प्यात गेला असे समजतात. तेव्हापासून गोळ्यांइतकेच महत्त्व स्वयंपाकघराला येते.

पोटात पाणी झालेल्या रुग्णाला दिवसाला सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, एवढेच मीठ चालते, आणि त्यात भाकरी-आमटीतील मीठही धरायचे असते. कोल्हापुरी जेवणात ही मर्यादा पाळणे अवघड आहे, कारण वर्षभराच्या कांदा-लसूण चटणीत, लोणच्यात, पापडात, भडंगात आणि मिसळीवरच्या फरसाणात मीठ आधीच मुरलेले असते. मटण वर्ज्य नाही. मीठ मुख्यतः रश्श्यात उतरते, म्हणून तांबडा-पांढरा रस्सा वाटीभरून ओतून घेण्याऐवजी कमी मिठात शिजवलेले तुकडे खावेत. रुग्णासाठी बिनमिठाची चटणी वेगळी कुटून ठेवणे हा घरोघरी जमणारा उपाय आहे. सैंधव हेही सोडियमयुक्त मीठच आहे, तर ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असल्याने स्पायरोनोलॅक्टोन ही लघवीची गोळी घेणाऱ्याने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. रोज सकाळी लघवीनंतर, न्याहारीपूर्वी वजन करून वहीत नोंदवावे. लघवीच्या गोळ्यांनी पायांवर सूज नसलेल्या रुग्णाचे वजन दिवसाला अर्ध्या किलोहून अधिक उतरू लागले तर मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो.

मीठ कमी करायचे म्हणजे जेवण कमी करायचे नव्हे, आणि या आजाराच्या शुश्रूषेत सर्वाधिक हानी याच गल्लतीने होते. काविळीचे पथ्य म्हणून डाळ, दूध, अंडी बंद करून रुग्णाला उसाच्या रसावर आणि पातळ भातावर ठेवण्याची रीत ऊसपट्ट्यात सर्रास आढळते. तिने स्नायू झिजतात आणि झिजलेल्या स्नायूंचा रुग्ण प्रत्येक संसर्गात अधिक खचतो. शरीरात साचलेले पाणी वगळून उरणाऱ्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. मटकी, चवळी, डाळी, दही, पनीर आणि अंडी यांतून ती मिळतात. सिरॉसिसच्या रुग्णाचे शरीर एका रात्रीच्या उपवासात त्या अवस्थेला पोहोचते, जिथे निरोगी माणूस दोन-तीन दिवसांच्या उपवासानंतर पोहोचतो. म्हणून झोपण्यापूर्वी दूध-भाकरीसारखे काही खाणे आवश्यक असते, आणि अंबाबाईच्या नवरात्राचे नऊ दिवसांचे उपवास रुग्णाने करू नयेत. गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध पिण्याची कोल्हापूरची आवडती रीतही त्याला सोडावी लागते. कच्च्या दुधातील जंतू त्याला झेपत नाहीत, तेच दूध उकळून मात्र उत्तम.

बुद्धिभ्रमाची सुरुवात घरच्यांच्याच नजरेस पडते. दिवसा झोप आणि रात्री जाग, चिडचिड, हिशेबात चूक, सही बदलणे, पुढे केलेल्या हातांचे पंजे फडफडणे, अशी ती चिन्हे असतात. ज्याने पूर्वी दारू पिऊन सोडली आहे, त्याला अशा वेळी ‘पुन्हा प्यायलास का?’ असे विचारले जाते, आणि हा अन्याय टाळता येण्यासारखा आहे. बद्धकोष्ठता, संसर्ग, पोटातील रक्तस्राव, लघवीच्या गोळ्यांचा अतिरेक किंवा झोपेची गोळी हे बहुधा त्यामागचे निमित्त असते. लॅक्ट्युलोज हे शौच मऊ करणारे औषध अशा मात्रेत घ्यायचे की दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौच व्हावे. ‘जुलाब होतात’ म्हणून ते परस्पर थांबवल्यास भ्रम परततो. या काळात दुचाकी, ट्रॅक्टर चालवू देऊ नये आणि प्रथिनेही बंद करू नयेत.

रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच ही तातडीची अवस्था आहे. चंदगड, गगनबावड्यासारख्या दूरच्या तालुक्यांतून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि एंडोस्कोपीने (तोंडातून घातलेल्या दुर्बिणीने) फुगलेल्या शिरांना बँड लावण्याची सोय कुठे आहे हे आधीच विचारून ठेवावे. पोटात पाणी असताना ताप, पोटदुखी किंवा नवा भ्रम आला तर त्या पाण्याची तपासणी त्याच दिवशी व्हावी.

डोके किंवा सांधे दुखले म्हणून दुकानातून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेणे या आजारात मूत्रपिंडांना घातक ठरते. पॅरासिटामॉल दिवसाला २ ग्रॅमपर्यंत चालते. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता, तरी आधीच जखमी यकृतावर काढ्यांचा प्रयोग न करणेच योग्य. पाण्याचे भान या जिल्ह्यात विशेष हवे. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ईची साथ पसरली होती, आणि असा संसर्ग सिरॉसिसच्या रुग्णाचे यकृत एकाएकी निकामी करू शकतो. म्हणून पंचगंगेच्या पुराच्या दिवसांत पाणी उकळूनच प्यावे.

यकृताचा कर्करोग लवकर कळावा यासाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतात. उपद्रव आवरेनासे झाले की यकृत प्रत्यारोपणाचा विचार होतो आणि त्यासाठी कोल्हापूरकडचे रुग्ण बहुधा पुण्या-मुंबईला जातात. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार मेंदूमृत व्यक्तीचे यकृत किंवा जवळच्या नातलगाच्या यकृताचा भाग घेता येतो. जिवंत दात्याच्या शरीरात उरलेले यकृत काही महिन्यांत बऱ्याच अंशी वाढून पूर्वीच्या आकाराजवळ पोहोचते.