लवकर पेट न घेणारा पॅक घेतलात, आता चार्जर बदलू नका

सुधारित इलेक्ट्रोलाइटचा (सेलमधल्या, विद्युतभारित कण म्हणजे आयन वाहून नेणाऱ्या द्रवाचा) बॅटरी पॅक नेलेल्या ग्राहकांचा थोड्याच दिवसांत ठरलेला प्रश्न येतो: "चार्ज व्हायला एवढा वेळ का लागतो? मोठा चार्जर लावला तर चालेल का?" काही जण विचारतात. काही जण न विचारताच लावतात, आणि बॅकअप निम्म्यावर आला किंवा पॅक फुगला की आमच्याकडे पाठवतात.

उत्तर एकच आहे: चालणार नाही. कारण सांगतो.

नेहमीच्या लिथियम-आयन सेलच्या इलेक्ट्रोलाइटमध्ये एथिलीन कार्बोनेट असते, त्यात डायमिथिल कार्बोनेटसारखी पातळ द्रावके मिसळलेली असतात आणि लिथियमचा क्षार विरघळवलेला असतो. डायमिथिल कार्बोनेटची वाफ 18 अंश सेल्सिअसच्या आसपासही ठिणगीने पेटू शकते. तरी ते वापरतात, कारण नुसते एथिलीन कार्बोनेट साधारण 36 अंशांखाली घट्ट होते. आयनांना झटपट ये-जा करायला पातळ द्रव लागतो, आणि पातळ द्रावके सहज पेटतात.

आम्ही सेल बनवत नाही. निवडतो, तपासतो आणि पॅक बांधतो. या मालिकेसाठी निवडलेल्या सेलमध्ये पातळ द्रावकांचा बराचसा भाग काढून फ्लोरिनयुक्त द्रावके आणि फॉस्फेट वर्गातली संयुगे घातलेली असतात. ज्वाला टिकते ती हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिलच्या मुक्त कणांच्या साखळीमुळे. गरम झालेल्या फॉस्फेटमधून निघणारे फॉस्फरसचे कण ती साखळी तोडतात. हा फायदा खरा आहे आणि त्याच भरवशावर आम्ही हे पॅक विकतो. पण असा द्रव जास्त दाट असतो. त्यातून आयन हळू सरकतात, आणि गारठ्यात तर आणखीच हळू.

आता मोठ्या चार्जरने काय होते ते पाहा. 20 अँपिअर-तासाच्या पॅकसोबत आम्ही 6 अँपिअरचा चार्जर देतो. कोणी 15 अँपिअरचा लावला, तर लिथियमला ऋण इलेक्ट्रोडमधल्या ग्राफाइटच्या थरांत शिरायला सवड मिळत नाही आणि ते पृष्ठभागावरच धातू होऊन साचते. त्यातले पुष्कळसे परत कामाला येत नाही, म्हणून बॅकअप कायमचा घटतो. हा धातू इलेक्ट्रोलाइटशी अभिक्रिया करून वायू सोडतो, कधी त्याचे काटे वाढून आत शॉर्ट होतो. शिवाय असा सेल नेहमीपेक्षा कमी तापमानाला आपोआप तापू लागतो. सुरुवातीला बाहेरून यातले काहीही दिसत नाही.

"पण इलेक्ट्रोलाइट पेटत नाही ना?" लवकर पेटत नाही, एवढाच आमचा दावा आहे. सेल तापायला इलेक्ट्रोलाइट पेटावाच लागतो असे नाही. ग्राफाइटवरचा संरक्षक थर साधारण 80 ते 120 अंशांत मोडू लागतो, दोन इलेक्ट्रोड वेगळे ठेवणारा पॉलिएथिलीनचा पडदा (सेपरेटर) 130 च्या आसपास वितळतो, आणि तिथून पुढची उष्णता इलेक्ट्रोडच पुरवतात. तेव्हा बाहेर पडणाऱ्या वायूंत हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड असतात, आणि ते पेटतात. चांगला इलेक्ट्रोलाइट आगीचे इंधन कमी करतो. चुकीच्या चार्जिंगची उष्णता तो थांबवू शकत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान डिस्चार्जच्या वायरींवरून चार्ज केल्याने होते. मोठ्या चार्जरचा कनेक्टर चार्जिंग पोर्टला बसत नाही, म्हणून तो मोटरकडे जाणाऱ्या वायरींना जोडला जातो. आमच्या पॅकमध्ये चार्जिंगचा मार्ग वेगळा आहे. करंट आणि तापमान पाहून चार्जिंग तोडण्याची बीएमएसची (पॅकमधल्या बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिमची) सोय त्या मार्गावरच आहे, ती अशा जोडणीत पूर्ण वगळली जाते. शून्य अंशाखाली आमचा पॅक चार्जिंग घेत नाही तेव्हा तो बिघडलेला नसतो. त्याला ऊब मिळू द्या, मग लावा.

परत आलेला पॅक तपासायला उशीर होतो ही तक्रार आम्हाला ठाऊक आहे. प्रत्येक सेलगट सावकाश भरावा लागतो, स्थिर होऊ द्यावा लागतो, मग पूर्ण उतरवून क्षमता मोजावी लागते. घाईत मोजलेला आकडा तुमच्याही कामाचा नाही. फुगलेला सेल आम्ही कोणत्याही परिस्थितीत पुन्हा बांधत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

काम खरोखर अडत असेल तर ऑर्डरआधी बोला. मोठ्या क्षमतेच्या पॅकला तोच करंट हलका पडतो, त्यामुळे त्याला जास्त करंट देऊन तितक्याच वेळात जास्त चार्ज भरता येतो. सतत वापर असेल तर आलटूनपालटून दोन पॅक उत्तम. रोज कडक थंडीत भराभर चार्जिंग लागणार असेल, तर हा पॅक घेऊ नका असे आम्हीच सांगू आणि दुसरा सुचवू.

सॉलिड-स्टेट, म्हणजे द्रवाऐवजी घन इलेक्ट्रोलाइटच्या पॅकबद्दलही विचारणा होते. आम्ही सध्या ते बांधत नाही.

तपासणीला पाठवताना पॅकसोबत वापरातला चार्जरही पाठवा, आमचा नसला तरी. पॅक फुगलेला असेल तर मात्र पाठवू नका, चार्जही करू नका. जळाऊ वस्तूंपासून दूर, मोकळ्या जागी ठेवा आणि आधी फोन करा.