पॅकेट कुठल्या पुलाखाली अडकलं?

कोयनेचे दरवाजे उचलल्याची बातमी आली की सांगलीत आकड्यांची विचारपूस सुरू होते. कराडला किती, बह्याला किती, भिलवडीला किती, आणि मग गावातल्या, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला किती. आयर्विनला ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे इथं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. बह्याला पाणी चढलंय आणि भिलवडीला अजून नाही, म्हणजे ते मधे कुठंतरी आहे. एवढा हिशोब नदीकाठचा कुणीही करतो.

लिनक्स कर्नलमध्ये नेटवर्कचा बिघाड शोधणाऱ्यालाही हाच हिशोब करावा लागतो. ‘नेट चालत नाही’ ही तक्रार शेवटच्या पुलावरची. पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा माहितीचा एक पुडका, तारेतून निघून प्रोग्रॅमच्या हातात पडेपर्यंत पाच-सहा टप्पे ओलांडतं आणि बहुतेक टप्प्यांवर कर्नलनं मोजपट्टी आधीच रोवून ठेवली आहे. नवशिका मात्र पट्टी न वाचता थेट ड्रायव्हरचा कोड उघडतो आणि निर्दोष ओळींमध्ये दोन दिवस घालवतो.

कर्नल म्हणजे प्रोसेसर, मेमरी आणि सगळी यंत्रं ज्याच्या ताब्यात असतात तो ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणि ड्रायव्हर म्हणजे एका विशिष्ट यंत्राची भाषा येणारा त्याचा भाग. लिनक्सच्या एकूण कोडपैकी निम्म्याहून जास्त कोड नुसत्या ड्रायव्हरांचा आहे.

नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरचं काळीज म्हणजे रिंग. जुन्या विहिरीवरचं रहाटगाडगं डोळ्यांपुढं आणा. एका बाजूनं गाडगी भरून येतात, दुसऱ्या बाजूला रिकामी होऊन परत खाली जातात. रिंगमध्ये गाडग्यांच्या जागी डिस्क्रिप्टर असतात. ‘या पत्त्यावरची मेमरी मोकळी आहे, पॅकेट इथं टाक’ अशी प्रत्येक डिस्क्रिप्टर ही एक चिठ्ठी. प्रोसेसरला न विचारता कार्ड पॅकेट थेट मेमरीत उतरवतं, याला डीएमए म्हणतात. मग ‘भरलं’ अशी खूण करून कार्ड इंटरप्ट देतं, म्हणजे घंटा वाजवून प्रोसेसरला बोलावतं. ड्रायव्हर भरलेला बफर, म्हणजे पॅकेट ठेवलेली मेमरीतली जागा, काढून वरच्या थराकडं देतो आणि त्या जागी मोकळा बफर लावतो. तो वेळेत लावला नाही तर पुढचं पाणी बाहेर सांडतं.

किती वेळ असतो हाताशी? रिंगला २५६ डिस्क्रिप्टर आहेत आणि तार १ गिगाबिटची आहे असं धरू. पूर्ण लांबीच्या ईथरनेट फ्रेम, म्हणजे तारेवरची वेष्टनासकट पॅकेटं, सेकंदाला सुमारे ८१ हजार येऊ शकतात, म्हणजे रिंग भरायला जेमतेम ३ मिलिसेकंद. सगळ्यात छोट्या, ६४ बाइटच्या फ्रेम आल्या तर हाच आकडा सेकंदाला १४ लाख ८८ हजारांवर जातो आणि रिंग १७२ मायक्रोसेकंदांत भरते. प्रत्येक फ्रेमला इंटरप्ट द्यायचा म्हटलं तर प्रोसेसर दाराची कडी उघडण्यातच दमेल, घरातलं काम तसंच राहील. म्हणून एनएपीआय नावाची पद्धत आली. पहिल्या इंटरप्टनंतर ड्रायव्हर कार्डाची घंटाच बंद करतो, एका फेरीत सहसा ६४ पर्यंत पॅकेटं उपसतो, आणि रिंग रिकामी झाल्यावरच घंटा पुन्हा चालू करतो. इथली नेहमीची चूक म्हणजे घंटा चालू करण्याच्या नेमक्या क्षणी आलेलं पॅकेट निसटणं. मग जोडणी मधूनच थबकते आणि दुसरं पॅकेट आलं की आपोआप जागी होते. असं ‘धक्का दिल्यावर चालणारं’ नेटवर्क दिसलं की आधी तो भाग तपासावा.

आता मोजपट्ट्या. ‘एथटूल’ या कमांडला मोठ्या लिपीतला ‘एस’ हा पर्याय दिला की कार्डाचे स्वतःचे आकडे दिसतात. आकडे दहा सेकंदांच्या अंतरानं दोनदा घ्यायचे आणि फरक बघायचा; मशीन सुरू झाल्यापासूनची नुसती बेरीज काही सांगत नाही. सीआरसी चुका, म्हणजे वाटेत बिघडलेल्या फ्रेम, वाढत असतील तर तार किंवा नीट न क्रिंप केलेला जॅक बदला, कोडला हात लावू नका. ‘मिस्ड’, म्हणजे जागा नसल्यानं सुटलेल्या पॅकेटांचा आकडा, वाढत असेल तर रिंग उपसली जात नाहीये. रिंग मोठी करणं हा त्यावर सगळ्यांचा आवडता उपाय. लोंढा क्षणिक असेल तर तो चालतो. प्रोसेसरच कमी पडत असेल तर मोठी रिंग म्हणजे नुसती मोठी रांग, पॅकेटं उशिरा पोचतात आणि शेवटी सांडतातच.

पुढची पट्टी कर्नलची माहिती दाखवणाऱ्या ‘प्रॉक’ या फोल्डरखालच्या ‘नेट’मध्ये, ‘सॉफ्टनेट स्टॅट’ या फाइलीत. प्रत्येक प्रोसेसरला एक ओळ, आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर. दुसरा रकाना टाकून दिलेल्या पॅकेटांचा. तिसरा वाढतोय म्हणजे पॅकेटं उपसायला ठरवून दिलेला वाटा संपला तरी काम उरलं होतं. पॅकेट इथूनही सुखरूप निघालं आणि ‘एनस्टॅट’ या कमांडमध्ये यूडीपीच्या, म्हणजे पोच न घेता पाठवण्याच्या पद्धतीच्या, रिसीव्ह बफरच्या चुका वाढताना दिसल्या, तर कर्नलनं आपलं काम केलंय, प्रोग्रॅमच पॅकेटं उचलायला हळू आहे. पोच घेत पाठवणाऱ्या टीसीपीमध्ये हाच हळूपणा उलटा चढतो. बफर भरत आला की कर्नल समोरच्याला ‘कमी पाठव’ म्हणतो आणि हजार मैलांवरचा सर्व्हर मंदावतो. हा फुगवटाच. अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावर वाद होतील, इथल्यावर होऊ नये, कारण ‘एसएस’ ही कमांड प्रत्येक जोडणीची तुंबलेली रांग बाइटमध्ये दाखवते.

पट्टी कुठं रोवलीय हेही कळायला हवं. वारणा हरिपूरला कृष्णेला मिळते, आयर्विनच्या खालच्या अंगाला. तिचं पाणी धरून वाहणारी कृष्णा बघायची तर त्याच्याही खालच्या अंकलीचा आकडा घ्यावा लागतो. पॅकेटं टिपून दाखवणारा ‘टीसीपीडंप’ येणारं पॅकेट, ती गाळणाऱ्या फायरवॉलच्या आधी बघतो. त्यामुळं त्याला दिसलेलं पॅकेट प्रोग्रॅमपर्यंत पोचलं नाही तर संशयित दोघांच्या मधले: फायरवॉलचे नियम, किंवा दोन कार्डांच्या मशीनवर उलट वाटेची तपासणी करणारा आरपी फिल्टर. आणखी एक चकवा आहे. पाठवणाऱ्या मशीनवरच टीसीपीडंप लावला तर चेकसम (मजकूर शाबूत आहे का हे ताडून बघायचा आकडा) चुकलेली आणि कधी १५०० बाइटपेक्षा कितीतरी मोठी पॅकेटं दिसतात. घाबरू नका. चेकसम भरणं आणि तुकडे पाडणं ही कामं कर्नल कार्डावर सोपवतो, आणि तुम्ही बघताय तो क्षण त्याच्या आधीचा.

घरच्या फायबर जोडणीवर करून बघण्यासारखी एक गोष्ट. ईथरनेटवर एका पॅकेटला १५०० बाइटची मुभा असते, पण युजरनेम-पासवर्डवाल्या पीपीपीओई जोडणीत ८ बाइट वेष्टनात जातात, उरतात १४९२. कुणी जुन्या पीसीचा राउटर केला आणि हे विसरला, की विचित्र लक्षण दिसतं: पिंग चालतो, काही साइट झटकन उघडतात, काही नुसत्या फिरत राहतात. पिंगला ‘तुकडे करू नको’ असं सांगून १४६४ बाइट पाठवा, जातील. २८ बाइट हेडरचे, बेरीज १४९२. आता १४६५ पाठवा, अडकतील. मोठ्या पॅकेटाला अडवणारा राउटर ‘लहान करून पाठव’ असा निरोप उलट धाडतो, पण वाटेत कुणी असे निरोप वाहणारा आयसीएमपी बंद केलेला असला तर तो निरोपच हरवतो. उपाय म्हणजे राउटरवर टीसीपीचा एमएसएस, म्हणजे एका पॅकेटातल्या मजकुराची कमाल लांबी, १४५२ वर बांधणं, फायरवॉलचा एक नियम.

पट्ट्या वाचूनही बोट ड्रायव्हरकडंच गेलं तर मात्र कोड उघडायचा. तिथल्या चुका बऱ्यापैकी ठरलेल्या असतात. इंटरप्टच्या आत झोपायला, म्हणजे वाट बघत थांबायला, बंदी आहे, पण तिथं ‘जीएफपी कर्नल’ वापरून मेमरी मागितली की कर्नल झोपू शकतो. मेमरी मुबलक असते तोवर आठवडाभर सगळं सुरळीत, आणि टंचाईच्या दिवशी मशीन गार. तिथं ‘जीएफपी अ‍ॅटॉमिक’ लागतं, आणि ते रिकाम्या हातानं परत येऊ शकतं हे गृहीत धरावं लागतं. बाइटचा क्रम उलटा पडला तर ८० क्रमांकाचा पोर्ट (प्रोग्रॅमचा नेटवर्कवरचा दरवाजा) २०४८० होतो. हा आकडा कुठं दिसला तर बाकीचा तपास थांबवा. पीसीवर उत्तम चालणारा ड्रायव्हर काही एआरएम बोर्डांवर कचरा वाचतो, कारण पीसीत कॅशे (प्रोसेसरजवळची झटपट मेमरी) आणि डीएमएचा मेळ हार्डवेअर घालतं, तिथं तो ड्रायव्हरनं सिंकचे कॉल करून घालायचा असतो.

कर्नल कोलमडताना ‘ऊप्स’ नावाचा अहवाल छापतो. त्यात नल पॉइंटर, म्हणजे मेमरीचा रिकामा पत्ता, असून पत्ता शून्याऐवजी हेक्स १८ दिसतो, म्हणजे २४. स्ट्रक्चरचा, म्हणजे एकत्र बांधलेल्या फील्डांच्या गठ्ठ्याचा, पॉइंटर रिकामा होता आणि कोडला त्यातलं २४ व्या बाइटवरचं फील्ड हवं होतं. ‘पाहोल’ या साधनाला विचारलं की त्या फील्डचं नावच मिळतं. हे सगळं चालत्या मशीनवर करू नये. क्यूईएमयूमध्ये आभासी मशीन उभं करा, कर्नलला ‘नोकेएएसएलआर’ द्या, म्हणजे त्याचे पत्ते दर वेळी बदलणार नाहीत, आणि कोड थांबवून बघणारा जीडीबी १२३४ पोर्टवर जोडा. संदेश सीरियल कन्सोलवर घ्या. नेटवर्कवरून संदेश पाठवणारा नेटकन्सोल सोयीचा आहे, पण ज्या कार्डाचा ड्रायव्हर पडलाय त्यावरूनच तो संदेश पाठवणार, मग काय उपयोग. वेळेच्या शर्यतीतून आलेली चूक प्रिंटके, म्हणजे संदेश छापणारी ओळ, घातल्यावर गायबही होते, कारण सेकंदाला ११५२०० बिटच्या वेगानं सीरियलवर ८० अक्षरांची ओळ जायला ७ मिलिसेकंद लागतात. वर काढलेला रिंगचा हिशोब बघा, तेवढ्यात ती दोनदा भरते.

२००८ मध्ये लिनक्स कर्नलच्या २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्यांवर इंटेलची काही नेटवर्क कार्डं निकामी व्हायला लागली, त्यांच्या फ्लॅशमधला, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीतला, मजकूरच बिघडत होता. साहजिकच सगळ्यांनी त्या कार्डांचा ई१०००ई ड्रायव्हर उलटापालटा केला. दोष निघाला एफट्रेसमध्ये, म्हणजे कर्नलच्या फंक्शनांचा माग काढणाऱ्या साधनात. एखादं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला नंतर जोडलेला भाग, सुरू होताना वापरलेला कोड मेमरीतून काढून टाकला जायचा, एफट्रेसकडं त्याचे पत्ते तसेच राहायचे. तेच पत्ते पुढं कार्डाच्या फ्लॅशला मिळाले. एफट्रेसनं जुना कोड समजून तिथं ‘तुलना करून बदल’ ही सूचना चालवली, आणि एक्स८६ वर ती सूचना तुलना जुळली नाही तरी मेमरीत लिहितेच.